थंडीतला पाऊस आणि लांबची पायपीट : चालत राहायचं की थांबायचं?

अबोली
नमस्कार मंडळी. नऊ महिने हा प्रश्न मनात घोळतो आहे. आता पुन्हा निघायची वेळ आली, म्हणून इथे मांडते.

आम्ही नर्मदा परिक्रमा खंडाखंडाने करतो. मी, माझा दादा (वय ६१, निवृत्त) आणि वहिनी. दर हिवाळ्यात दहा-बारा दिवसांची सुट्टी काढायची, मागच्या वर्षी जिथे थांबलो तिथून पुढे चालायचं. मागच्या जानेवारीत मंडल्याहून अमरकंटककडे निघालो होतो. दिंडोरी मागे टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आभाळ भरून आलेलं. आठला भुरभुर सुरू झाली, दहाला वारा सुटला आणि मग पाऊस थांबलाच नाही. जोराचा नव्हता. नागपुरात जुलैत पडतो त्याच्या पावपटही नसेल. म्हणूनच आम्ही त्याला पाऊस मानलंच नाही. जानेवारीत रेनकोट कशाला, म्हणून तोही घरी ठेवलेला. दादाच्या अंगात सुती कुर्ता-पायजमा, वर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्याला दुपट्टा.

अकराच्या सुमारास एका गावात शाळेच्या व्हरांड्यात टेकलो. तिथले गुरुजी म्हणाले, "आज यहीं आसन लगा लो, माताराम." दादा म्हणाला, आज सोळा किलोमीटर झाले नाहीत तर परवाची गाडी हुकते. निघालो.

दोनच्या आसपास दादा मागे पडायला लागला. बुटाची नाडी सुटली होती, ती त्याला बांधता येईना. मी बांधून दिली. मग तो बोलला ते शब्द जड येत होते. एका बांधावर बसला आणि म्हणाला, "आता थंडी नाही वाजत. बरं वाटतंय. थोडं बसू दे." मला खरंच वाटलं की बरं वाटतंय. वहिनीला मात्र पटलं नाही. ती धावत पुढे गेली आणि शेतातल्या एका गोंड घरातून एका बाईला घेऊन आली. त्या बाईंनी काही विचारलं नाही. दादाला दोघींनी धरून आत नेलं, ओले कपडे काढले, घरातलं होतं नव्हतं ते पांघरूण त्याच्या अंगावर टाकलं आणि चुलीपासून हातभर लांब बसवलं. गुळाचा कोरा चहा घोट घोट पाजला. तासाभराने तो इतका थरथरायला लागला की मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, आता चांगलं आहे. संध्याकाळी कुटकीचा भात आणि पातळ वरण जेवला.

दादा आज ठणठणीत आहे आणि येत्या जानेवारीत राहिलेला टप्पा पुरा करायचा म्हणतो. माझा प्रश्न साधा आहे. अशा दिवशी चालत राहायचं की थांबायचं? आणि कधी थांबायचं ते कळतं कसं?

इतवारीकर
दादा सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. त्या माउलीला आणि तुमच्या वहिनींना माझा नमस्कार.

ताट्यावाला
ताई, माझं कूलरचं दुकान आहे, वीस वर्षं ताट्या (कूलरच्या बाजूच्या, पाणी मुरणाऱ्या जाळ्या) बदलून देतो आहे. तुमच्या दादासोबत काय झालं ते मला कूलरवरून लगेच समजलं, म्हणून लिहून राहिलो.

कूलर काय करतो? ताटी ओली, मागून वारा. पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं. ओला सुती कुर्ता आणि वरून वारा म्हणजे अंगालाच कूलर बसवला. मे महिन्यात आपण हेच मुद्दाम करतो, ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून गाडीवर निघतो, आणि त्यानं जीव वाचतो. तोच दुपट्टा जानेवारीत उलटा फिरतो.

हिशोबच सांगतो. एक ग्रॅम पाणी वाळायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. कुर्ता, पायजमा, दुपट्टा मिळून अर्धा लिटर पाणी मुरलं धरा. ते सगळं अंगावर वाळवायचं तर २९० किलोकॅलरी झाल्या. म्हणजे दोन-तीन भाकरींची ताकद नुसते कपडे वाळवण्यात गेली. आणि पाऊस चालू असेल तर ते वाळतच नाहीत, पाणी येतच राहते. माणूस सकाळी काय खाऊन निघाला होता?

अबोली
@ताट्यावाला, चहा आणि चार बिस्किटं. पुढच्या गावात सदाव्रत (परिक्रमावासींना दिला जाणारा शिधा) मिळालं की खिचडी टाकू म्हणून निघालो होतो. तुमचं कूलरचं उदाहरण दादाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला.

डॉ_सदर
मी फिजिशियन आहे. सदरमध्ये इतकी वर्षं प्रॅक्टिस करताना उष्माघाताचे रुग्ण दर उन्हाळ्यात पाहते, हायपोथर्मियाचे मोजके. त्यामुळे नागपूरकरांना हा आजार ओळखू येत नाही यात आश्चर्य नाही. मे २०१३ मध्ये आपल्याकडे ४७.९ अंश झालं होतं. उन्हाचं सगळं आपल्याला घरात शिकवलेलं असतं, खिशातला कांदा, कैरीचं पन्हं, दुपारी बाहेर पडू नको. थंडीच्या पावसाबद्दल एक वाक्य शिकवलेलं नसतं.

शरीराच्या आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. त्यासाठी बर्फ लागत नाही. बाहेर दहा अंशांच्या आसपास तापमान, अंग ओलं, वारा आणि पोट रिकामं, एवढं पुरतं. पाणी हे स्थिर हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं.

अबोलीताई, तुम्ही लिहिलेला क्रम तंतोतंत तसाच असतो. आधी जोराची थरथर. मग बोटांची बारीक कामं जातात, नाडी, गुंडी, चेन. मग पाय अडखळतात, जीभ जड होते, माणूस चिडचिडा किंवा एकदम शांत होतो. आणि मग थरथर थांबते. सगळ्यांची फसगत इथेच होते. थरथर ही शरीराची भट्टी आहे. माणूस अजून ओला आणि गार असताना ती थांबली म्हणजे भट्टीतलं सरपण संपलं. चुलीजवळ आल्यावर दादा पुन्हा थरथरायला लागले ते म्हणूनच चांगलं लक्षण होतं. त्या बाईंना हे अनुभवाने माहीत होतं.

त्यांनी केलं ते सगळं बरोबर केलं. ओले कपडे काढणं, कोरडं पांघरूण, आगीपासून अंतर, गोड गरम पेय. पेय मात्र माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच. हातपाय चोळायचे नाहीत. शेक द्यायचा तर छातीला, काखेत, जांघेत, बाटली कपड्यात गुंडाळून. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपत असेल तर माणसाला आडवंच ठेवायचं, चालवायचं नाही, आणि १०८ ला फोन.

कड्यावरून
पुण्याचा आहे, पंचवीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. थोडं वेगळं मत मांडतो. पावसात थांबलं की गारठा चढतो. आम्ही पावसाळी रेंज ट्रेकला नियमच केलाय, भिजलात तर चालत राहा, पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. चालणाऱ्याला थंडी लागत नाही. दादांचं वय आणि रिकामं पोट हे कारण असावं. सरसकट 'पाऊस आला की थांबा' म्हटलं तर कुठलीच लांबची वाट पुरी होणार नाही.

डॉ_सदर
@कड्यावरून, सह्याद्रीतला जुलैचा पाऊस वीस अंशांच्या आसपासचा असतो. अमरकंटक साधारण १,०५० मीटर उंचीवर आहे, नागपूर ३१० वर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. नागपुरात जानेवारीत ढगाळ दुपारी अठरा अंश असतील तर तिथे तेरा, आणि वाऱ्याने त्याहून गार. आपल्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले होते. ही दोन वेगवेगळ्या जातीची थंडी आहे.

कड्यावरून
उंचीचा मुद्दा मान्य. पण चालताना शरीर उष्णता तयार करतं हेही खरं ना?

काटोल_ते_केंटकी
खरं आहे, आणि त्यातच मेख आहे. मी मूळचा काटोलचा, गेली चौदा वर्षं अमेरिकेत. इथली अ‍ॅपलेशियन ट्रेल थोडी थोडी चाललो आहे. जॉर्जियातून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी साधारण ३,५०० किलोमीटरची पायवाट. त्यात ग्रेट स्मोकी डोंगरांचा भाग येतो, वाट दोन हजार मीटरच्या वर जाते. तिथे एप्रिलमध्ये मला असाच दिवस भेटला. चार अंश, पाऊस, धुकं. सकाळी सातपासून चालत होतो आणि अंगात ऊब होती, कड्यावरून म्हणतात तशीच. पण ती ऊब चालण्याच्या वेगावर उभी असते. दुपारी तीनला चढण आली, दमलो, वेग अर्ध्यावर आला. भिजलेलं अंग तेवढंच भिजलेलं, आत तयार होणारी उष्णता मात्र अर्धी. वीस मिनिटांत दात वाजायला लागले. म्हणजे चालणं हा उपाय आहे, पण दम असेपर्यंतच, आणि दम कधी संपेल ते आधी सांगून येत नाही.

त्या वाटेवर ठिकठिकाणी निवारे असतात, तीन भिंती आणि वर छप्पर, चौथी बाजू उघडी. पुढचा निवारा सहा किलोमीटरवर होता. मी मागे फिरलो, कारण मागचा दीड किलोमीटरवर होता. ती माघार मला अजून आवडते.

लांब चालणाऱ्यांचा तिथे एक नियम आहे, तो परिक्रमेलाही लागू पडेल. कपड्यांचा एक जोड फक्त झोपायचा. काहीही झालं तरी तो भिजू द्यायचा नाही, तो घालून चालायचं नाही. सकाळी कालचे ओले कपडेच परत अंगावर चढवायचे.

इतवारीकर
ओले कपडे परत चढवायचे? सकाळी सहाला? बाप्पा!

काटोल_ते_केंटकी
हो. पहिली दहा मिनिटं नको वाटतं, मग चालण्याने अंग तापतं. कोरडे घालून निघालात तर तेही भिजणार, आणि रात्री अंगावर घालायला काहीच उरणार नाही. पाऊस चालूच असेल आणि अंगात बळ नसेल तर मात्र निघायचंच नाही.

जाता जाता एक गोष्ट. १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या बाईंनी ही अख्खी वाट एकटीने चालून पुरी केली. वय ६७, अकरा मुलांची आई. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्याला घरी शिवलेली पिशवी, तंबू नाही. पावसासाठी काय, तर न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. थंडी आणि पाऊस त्यांनाही भेटलेच, पण लागेल तेव्हा लोकांच्या ओसरीवर, घरात आसरा मागायला त्यांनी कमीपणा मानला नाही. दादांना सांगा, ६१ हे काही वय नाही.

पोट्टं_महालचं
दादांना माझ्याकडून पण सांगा! बाकी तो पडदा वाचून आठवलं, आमची आजी नागद्वारीला जायची तेव्हा खताच्या पोत्यातली मोठी पन्नी धुऊन न्यायची. अर्धी पांघरायची, अर्ध्यात कपडे. आजी आणि त्या अमेरिकेतल्या बाई भेटल्या असत्या तर जमलं असतं त्यांचं.

भगतराम
नागद्वारीचं नाव निघालं आणि राहवलं नाही. पचमढीला नागपंचमीच्या आधीचे दहा-बारा दिवस ती वाट उघडते, एरवी तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्याने बंद. आपल्या विदर्भातून माणसांचा लोंढा जातो. सगळे एकमेकांना भगत म्हणतात, म्हणून मी इथे हे नाव घेतलं. मी अठरा वर्षं जातोय, वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा नववीत होतो.

त्या वाटेवर कोरडा दिवस मी एकदाच पाहिला. बाकी सगळा पाऊस, धुकं, शेवाळलेले दगड, लोखंडी शिड्या, गुडघाभर नाले. 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' म्हणत माणसं चढतात. गारठा येतो तो रात्री. पहिल्या वर्षी पद्मशेषच्या अलीकडे अंधारलं. वडिलांनी एका सेवा मंडळाच्या मंडपात मला बसवलं. ते मंडळ नागपूरचंच, आमच्याच वस्तीतलं निघालं. मोठ्या कढईत खिचडी शिजत होती. मंडपात चिखल होता, माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि त्या दाटीचीच ऊब होती. एका अनोळखी काकांनी माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि कोरड्या टॉवेलने टिपले. म्हणाले, चिखल्या होतील भगत, पाय कोरडे ठेव.

तेवढं एक अबोलीताईंना सांगावंसं वाटतं. अंगाकडे सगळे लक्ष देतात, पायांकडे कोणी पाहत नाही. रात्री पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यांत खोबरेल लावायचं, कोरडे मोजे घालायचे आणि ते मोजे फक्त रात्रीचे. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोनदा बदलायचे.

डॉ_सदर
@भगतराम यांचं शंभर टक्के बरोबर. पहिल्या महायुद्धात ओल्या खंदकांत दिवसचे दिवस उभं राहून हजारो सैनिकांचे पाय बधिर होऊन सडले. बर्फ नसतानाही. त्या आजाराला खंदकावरूनच नाव पडलं.

पोट्टं_महालचं
छत्री, रेनकोट की पोंचो? एकदाचं कोणीतरी ठरवून सांगा. मी पण मागे लागणार आहे ताईंच्या.

कड्यावरून
पोंचो. सॅकसकट झाकतो, आतून हवा खेळते, घामाने भिजत नाही.

सावनेरकर
पोंचो वाऱ्यात पतंग होतो. जाड रेनकोट घ्या, कमरेला दोरी बांधा.

काटोल_ते_केंटकी
वारा नसेल तिथे छत्रीसारखं सुख नाही. पण काहीही घेतलं तरी चार तासांनी ओले व्हालच, बाहेरून नाही तर घामाने. त्यामुळे खरा बंदोबस्त सॅकच्या आत हवा. सॅकवरच्या कव्हरवर विसंबू नका. आत एक मोठी जाड पन्नी, तिचं तोंड पिळून आत खोचायचं. झोपायचे कपडे आणि पांघरूण तिच्यात.

अबोली
किती शिकवताय तुम्ही सगळे. वहिनी विचारते, घोंगडी न्यावी का? आमच्या माहेरी आजोबांची होती. जड वाटते, पण त्या दिवशी त्या बाईंनी दादाच्या अंगावर जी घातली ती लोकरीचीच होती.

रानवारा
घोंगडीबद्दल सांगते. धनगर भर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतात ते उगाच नाही. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी तिच्यात थोडी हवा धरून राहते. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं, हवा संपते. घोंगडी जड आहे हे खरं, पूर्ण भिजली तर आणखी जड. चालण्यासाठी अंगात पातळ लोकरी बनियन आणि वर वारा अडवणारं काहीतरी, हे बरं. घोंगडी मुक्कामाला.

मेंढपाळावरून एक घटना आठवली. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरातली धावण्याची शर्यत होती. दुपारी अचानक गारठणारा पाऊस, गारा आणि वारा आला. १७२ धावपटूंपैकी २१ जण गेले. तयारीचे, नावाजलेले धावपटू होते, अंगात मात्र पातळ अर्ध्या चड्ड्या. त्या उतारावर एक मेंढपाळ कपारीतल्या आपल्या खोपीत थांबला होता. त्याने सहा जणांना आत आणलं, आग पेटवली, गोधड्या दिल्या. ते सहाही वाचले. अबोलीताईंचं वाचताना मला सारखा तो मेंढपाळ दिसत होता.

कड्यावरून
ही घटना मला माहीत नव्हती. रात्री शोधून वाचली. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्त्रतालला कर्नाटकातले नऊ ट्रेकर खराब हवामानात दगावले, तेही आठवलं. माझं वरचं 'चालत राहा' हे फार मोघम होतं, मागे घेतो. आमच्या गटातही यापुढे पाऊस आणि पंधराच्या खाली तापमान असेल तर वेगळा नियम करतो.

सावनेरकर
एक विचारतो. रमचा घोट घेतला तर? आमच्याकडे सगळे म्हणतात, अंग गरम होतं.

डॉ_सदर
नाही, अजिबात नाही. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, आतलं गरम रक्त बाहेर येतं. गरम वाटतं आणि नेमकं त्याच वेळी शरीर आतून वेगाने गार होतं. शिवाय निर्णय चुकतात. गूळ खा, शेंगदाणे खा, फुटाणे खा, दर तासाला मूठभर.

शिवभक्त_१
आपण सगळं शरीराचंच बोलतोय. परिक्रमा म्हणजे संकल्प आहे. मैया परीक्षा पाहते आणि पारही पाडते. पाऊस आला म्हणून थांबणारा परिक्रमावासी कसला? नर्मदे हर.

रेवातीर
नर्मदे हर. मी बहात्तर वर्षांचा आहे. अखंड परिक्रमा एकदा केली, पाच महिने लागले. आतापर्यंत नुसतं वाचत होतो.

@शिवभक्त_१, तुमच्या श्रद्धेला नमस्कार करूनच सांगतो. थांबणं हे परिक्रमेच्या बाहेरचं नाही, ते तिच्या नियमांतच आहे. जुन्या रीतीने परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. का? कारण चातुर्मासात चालायचंच नाही, एका जागी राहायचं. ज्यांनी ही वाट घालून दिली त्यांनी पावसाला चार-चार महिने दिले. आपण एक दुपार देत नाही.

अबोलीताई, तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे त्यावरून सगळे पुढे निघून गेले. 'परवाची गाडी हुकते.' माझ्या मते दादांना पावसाने आजारी पाडलं नाही, परतीच्या तिकिटाने पाडलं. मी निघालो तेव्हा नोकरी संपली होती, मुलं मार्गी लागली होती, मला कुठे पोचायचं नव्हतं. शाहपुऱ्याच्या पुढे असाच पाऊस लागला. तिकडे हिवाळ्यातल्या पावसाला मावठा म्हणतात. एका कुटीत तीन दिवस बसून राहिलो. झाडलोट केली, लाकडं आत आणून रचली, बाबाजींना पोथी वाचून दाखवली. चौथ्या दिवशी ऊन पडलं. ते तीन दिवस मला अख्ख्या परिक्रमेत सगळ्यात जास्त आठवतात.

नोकरी करणाऱ्यांना असं जमत नाही हे मला कळतं. मग निदान दहा दिवसांच्या सुट्टीत आठच दिवसांची वाट धरावी. दोन दिवस मैयाच्या नावाने सोडून द्यावेत. लागले नाहीत तर शेवटच्या घाटावर बसून राहावं.

शिवभक्त_१
काका, चातुर्मासाचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता. पटलं.

इतवारीकर
दोन दिवस सोडून द्यायचे हे फार आवडलं. आमच्याकडे तर सहलीत जेवायची वेळसुद्धा सोडत नाहीत.

पोट्टं_महालचं
आणि निघायच्या आधी हवामान खात्याचा अंदाज पाहत जा ताई. पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून पाऊस घेऊन येणारं हवामान) येणार असेल तर तीन-चार दिवस आधीच सांगतात. विदर्भात गारपीट सांगितली की तिकडे पण ढग आलेच समजा. तसे दिवस आले तर आमच्या मेसेजची वाट पाहू नका, मी रोज सकाळी पाहून टाकत जाईन.

अबोली
काल रात्री दादा, वहिनी आणि मी बसून हा सगळा धागा पहिल्यापासून वाचला. वाचून झाल्यावर दादाने एक गोष्ट सांगितली, ती त्याने नऊ महिन्यांत कोणालाच सांगितली नव्हती.

शाळेच्या व्हरांड्यात मी त्याला बिस्किटाचा पुडा दिला होता. तो त्याला फाडता आला नाही. बोटं वळत नव्हती. दोनदा प्रयत्न करून त्याने तो न उघडताच खिशात ठेवला आणि मला म्हणाला, भूक नाही. म्हणजे अकरालाच त्याची बोटं गेली होती, बांधावर बसायच्या तीन तास आधी. त्याला ते जाणवलं होतं. पण आम्ही दोघी चालायला तयार होतो, गाडी परवाची होती, आणि मोठ्या भावाने कसं म्हणायचं की मला पुडा फाडता येत नाही.

कधी थांबायचं ते कळतं कसं, असं मी विचारलं होतं. आम्ही आता तिघांनी ठरवलंय. पाऊस असेल तर दर तासाला प्रत्येकाने एक गाठ बांधून सोडायची, बाकीच्या दोघांसमोर. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी तिथेच, मिळेल त्या पहिल्या छपराखाली मुक्काम. त्यावर चर्चा नाही. @डॉ_सदर, हे चालेल का?

डॉ_सदर
चालेल काय, मीच माझ्या रुग्णांना सांगणार आहे आता. फक्त गाठ हातमोजे काढून बांधा. आणि दादांना सांगा, त्यांनी हे सांगितलं ही फार मोठी गोष्ट केली.

अबोली
सांगते. बाकी तयारी : परतीचं तिकीट काढलेलं नाही. बारा दिवसांची सुट्टी, नऊ दिवसांची वाट. तिघांच्या सॅकमध्ये पन्नी. लोकरी बनियन आणले. घोंगडी एकच, दादाच्या सॅकला.

आणखी एक विचारायचं राहिलं. जाताना वाकडी वाट करून त्या बाईंच्या घरी जाणार आहोत. काय न्यावं? मी साडी म्हणत होते, वहिनी संत्री म्हणते. पैसे तेव्हाही घेतले नव्हते.

भगतराम
संत्री न्याच. पण त्यांच्या कामाचं काहीतरी पण न्या.

रानवारा
घर कसं होतं आठवतंय का? त्यावरून सुचेल.

अबोली
मातीचं, कौलारू. दोन खोल्या. छपराचा एक कोपरा गळत होता. आम्हाला तिघांना चुलीकडे बसवलं आणि त्या रात्रभर त्या गळक्या कोपऱ्यात बसून होत्या. सकाळी त्यांचं लुगडं एका बाजूने ओलं होतं. तेव्हा मी ते पाहिलं आणि काहीच बोलले नाही.

ताट्यावाला
ताई, ताडपत्री न्या. चांगली जाड, कडेला पितळी रिंगा असलेली. कौलाच्या आतून टाकली तर दहा वर्षं पाहायला नको. माझ्या दुकानाशेजारीच मिळते, मी निवडून ठेवतो. कोपऱ्याची नका नेऊ, पूर्ण घराची न्या. साईज सांगा.

अबोली
दादा म्हणतो, पंधरा बाय वीस तरी लागेल. पण पाठीवर कशी न्यायची?

सावनेरकर
पाठीवर कशाला? मी जानेवारीत मालाची गाडी घेऊन जबलपूरला जाणारच आहे. दिंडोरीपर्यंत सोडतो, तुम्हा तिघांना आणि ताडपत्रीला. फक्त तारीख चार दिवस आधी कळवा.

ताट्यावाला
पंधरा बाय वीस, ठेवली बाजूला. सोबत वीस मीटर दोरी माझ्याकडून.